उसना गळा

मराठीत रडणारा गळा काढतो आणि गाणाऱ्याला गळा असतो. गळा दाटतो, भरून येतो, सुकतो, बसतो. भाषेने शोकाचे आणि सुराचे काम एकाच अवयवावर टाकले आहे. अडचण इतकीच, की तो दोन्ही कामे एका वेळी करू शकत नाही. रडू फुटले की सूर जातो.

कॅथलिक अंत्यविधीतले सारे संगीत या अडचणीवर उभे आहे. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला गाता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने इतरांनी गायचे.

*

वसईतल्या आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी मागच्या रांगेत उभा राहतो. नाताळच्या गाण्यांची तालीम महिनाभर चालते, लग्नाच्या मिस्सेची, म्हणजे वेदीवरच्या उपासनेची, दोन संध्याकाळी. अंत्यविधीची तालीम नसते. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, दुपारी चारला विधी. कोणी शाळेतून येते, कोणी वाडीतून, कोणी दुकानाचे शटर अर्धे ओढून. घाम पुसून पुस्तक उघडेपर्यंत पहिले गाणे सुरू झालेले असते.

तरी ते गाणे चुकत नाही. ज्याची तालीम कधीच होत नाही तेच सर्वांना पाठ असते.

*

त्या दिवशी चर्चमध्ये दोन पेट्या असतात. एक सुरांची, एक माणसाची. "पेटी आली का?" असे कोणी दारातून विचारले, की क्षणभर कोणीच उत्तर देत नाही.

*

मयताला गाण्याची ही चाल आपोआप पडलेली नाही. जुन्या ग्रीक-रोमन जगात रडायला बायका भाड्याने मिळत. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्तोम आपल्या प्रवचनांतून या रिवाजावर तुटून पडत असे. पैसे मोजून आणलेल्या आक्रोशाऐवजी स्तोत्रे गा, हा त्याचा आग्रह. त्यामागचा हिशेब सरळ होता: मेलेला संपला असे मानणारा ऊर बडवतो, तो उठणार असे मानणारा गातो.

लोकांनी त्याचे अर्धे ऐकले. स्तोत्र घरात आले, पण रडणे घर सोडून गेले नाही. तेव्हापासून दोघे एकाच छताखाली राहतात, आणि एकमेकांना वेळ देतात.

*

इसवी सन ३८७. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात संत मोनिका वारली. मुलगा ऑगस्टीन तेहतिसाव्या वर्षात. त्याने आईचे डोळे मिटले आणि स्वतःचे कोरडे ठेवले. नातू अदेओदातस मोठ्याने रडला तेव्हा सर्वांनी मिळून त्याला गप्प केले. मग एव्होदियस नावाच्या मित्राने स्तोत्रसंहिता हाती घेतली, एक स्तोत्र सुरू केले, आणि घर त्याच्या मागून म्हणू लागले. दफनाच्या वेळीही ऑगस्टीन रडला नाही. दुःख उतरेल म्हणून त्याने स्नान केले, उतरले नाही. एक झोप झाली. जाग आल्यावर अंथरुणातच त्याला संत अँब्रोजच्या एका गीताच्या ओळी आठवल्या, आणि तिथे, कोणी बघत नसताना, तो रडला.

'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या नवव्या भागात हे सारे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. गाण्याने दिवसभर अश्रू अडवून धरले. दार उघडले तेही गाण्यानेच.

*

हाच ऑगस्टीन पुढच्या भागात गाण्यावर संशय घेतो. शब्दांऐवजी नुसत्या सुराने आपण हललो, तर तो आपला दोष, असे तो मानतो. चर्चमधून गाणे काढून टाका, असे मात्र म्हणत नाही. निकाल गाण्याच्या बाजूने देतो, पण हात राखून.

गाणे म्हणजे दुप्पट प्रार्थना, असे एक वचन जगभर त्याच्या नावावर खपते. त्याच्या ग्रंथांत ते त्या रूपात सापडत नाही. ज्याला गाण्याची एवढी धास्ती, त्याच्याच नावाने लोकांनी गाण्याला एवढे मोठे प्रशस्तिपत्र देऊन टाकले.

गायनवृंदातल्या प्रत्येकाने ऑगस्टीनचा हा संशय खिशात बाळगावा. अंत्यविधीनंतर कोणी "आज छान गायलात" म्हणाले, तर समजावे की आपले काहीतरी चुकले.

*

मोनिकेने मुलांना सांगून ठेवले होते: देह कुठेही पुरा, वेदीपाशी माझी आठवण ठेवा म्हणजे झाले. १४३० मध्ये तिची हाडे ओस्तियाहून रोमला नेली. १९४५ मध्ये ओस्तियाच्या जमिनीतून तिच्या थडग्यावरच्या लेखाचा तुकडा निघाला. जिला जागेची पर्वा नव्हती, तिच्या जागा आज दोन गावे दाखवतात.

जिवंत माणसाला नुसती आठवण पुरत नाही. त्याला पत्ता लागतो.

*

शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात. ते बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण देते. जवळ पुनरुत्थानाची उंच मेणबत्ती तेवत असते. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाची छोटी मेणबत्ती अशाच मेणबत्तीवरून पेटवतात. पेटीवर पांढरे वस्त्र घालतात. बाळालाही पांढरेच घातले होते.

मरणासाठी चर्चकडे निराळे सामान नाही. बारशाचेच पुन्हा बाहेर काढतात.

*

सामान्य माणसाची पेटी पाय वेदीकडे करून ठेवतात, धर्मगुरूची डोके वेदीकडे करून. आयुष्यभर जो ज्या बाजूला तोंड करून उभा राहिला, त्याच बाजूला. एकाने वेदीकडे पाहिले, दुसऱ्याने माणसांकडे.

पदाचा फरक मरणातही राहतो, असे यावर म्हणता येईल. मला त्यात दुसरेच दिसते. मेल्यावरही दोघे समोरासमोर आहेत.

*

फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्या, मराठीत. जी ओवी जात्यावर होती, ज्ञानेश्वरीत होती, तिच्यात येशूचे मरण आणि उठणे सांगितले गेले. पण मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. मराठी उंबरठ्यापर्यंत आली होती. वेदीपर्यंतची चार पावले टाकायला तिला आणखी साडेतीनशे वर्षे लागली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वाट मिळाली.

तोवर वसईच्या शेतकऱ्याला कबरीत उतरवताना जे गायले जाई, त्यातला एक शब्दही त्याच्या बायकोला कळत नसे. आणि तरी तिला ते पुरत असे, असे जुनी माणसे सांगत. मी याचा बराच विचार केला आहे. कळत नसलेली भाषा कोणाच्याच घरची नसते. त्यामुळे तिच्यात आपले माणूस कोणाच्या तरी हवाली करता येते. कळणारी भाषा हवाली करू देत नाही. ती प्रत्येक ओळीला विचारते: हे तुला खरोखर वाटते ना?

मराठी मिस्सेने आम्हांला अर्थ दिला, आणि अर्थासोबत ही जबाबदारी.

*

आमच्या गावात रडणे कादोडी बोलीत होते आणि प्रार्थना प्रमाण मराठीत. घरात पेटीला मिठी मारून म्हातारी जे बोलते ते कोणत्याही पुस्तकात नाही. चर्चमध्ये आम्ही जे म्हणतो ते सारे पुस्तकात आहे. घर ते चर्च हे दोनशे पावलांचे अंतर खरे तर दोन बोलींमधले असते. त्या वाटेवर कोणी बोलत नाही. तिथे जपमाळ असते.

*

जपमाळेत तीच प्रार्थना दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत पन्नास वेळा येते. बाहेरच्याला ते कंटाळवाणे वाटते. त्याने शोक करणाऱ्याचे बोलणे ऐकावे. "सकाळी तर चहा घेतला होता." तेही पन्नास वेळा येते.

जपमाळ शोकाला त्याच्याच चालीने चालवते, फक्त मणी मोजत. मोजले की शेवट येतो.

*

त्याच १९६३ च्या दस्तऐवजात अंत्यविधीविषयी थोडकी वाक्ये आहेत: ख्रिस्ती मरणात पुनरुत्थानाची आशा अधिक स्पष्ट दिसावी, आणि विधी त्या त्या प्रदेशाच्या चालीरीतींना धरून असावा, रंगासकट. तोवर मयताच्या मिस्सेला काळी वस्त्रे होती. नवा विधी १९६९ मध्ये आला आणि जांभळ्याला, पांढऱ्याला जागा झाली. पांढरा म्हणजे पुनरुत्थानाचा, विजयाचा.

पण महाराष्ट्रात पांढरा आधीच सुतकाचा होता. त्यामुळे धर्मगुरू पांढऱ्या वस्त्रात वेदीवर येतो तेव्हा डोळे एक वाचतात आणि धर्मशिकवण दुसरे. युरोपला काळ्याकडून पांढऱ्याकडे जावे लागले. आमच्याकडे सुतकाचे कापड तेच राहिले. त्याचा अर्थ तेवढा शिकायचा होता. ते शिकणे अजून चालू आहे.

*

मयताच्या लॅटिन मिस्सेत एक लांबलचक पद्य होते, 'डिएस इरे', क्रोधाच्या दिवसाचे. तेराव्या शतकातले, संत फ्रान्सिसचा चरित्रकार चेलानोचा थॉमस याच्या नावावर ते परंपरेने सांगितले जाते. शेवटचा न्याय, तुतारी, उघडलेली वही, थरथरणारा जीव. १९६९ च्या सुधारणेत ते अंत्यविधीतून वगळले गेले. शोकात बुडालेल्या माणसाला आणखी घाबरवू नये, हा विचार योग्यच होता.

पण त्या चालीचे पहिले चार सूर मेले नाहीत. बेर्लिओझने १८३० मध्येच ते आपल्या सिंफनीत घेतले होते. नंतर भयपटांच्या पार्श्वसंगीतातही ते पोचले. चर्चने भीतीला निरोप दिला. ती उठून थिएटरात जाऊन बसली, आणि लोक तिच्यासाठी तिकीट काढू लागले.

*

मोझार्टकडे एका सरदाराने मयताची मिस्सा मागितली, बायकोच्या स्मरणार्थ. नाव स्वतःचे लावण्याचा त्याचा बेत होता. ५ डिसेंबर १७९१ रोजी मोझार्टच वारला. उरलेले शिष्याने पुरे केले. व्हिएन्नाच्या सेंट मार्क्स दफनभूमीत मोझार्टची कबर नेमकी कुठे, ते सांगता येत नाही.

गाब्रिएल फोरेने आपल्या मिस्सेतून क्रोधाचा दिवस जवळजवळ सगळा गाळला. १८८८ मध्ये पॅरिसच्या मॅडलीन चर्चमध्ये ती पहिल्यांदा गायली गेली, आणि १९२४ मध्ये तिथेच, त्याच्या स्वतःच्या अंत्यविधीत.

एकाने दुसऱ्याच्या नावावर लिहिले आणि ते त्याचे स्वतःचे झाले. दुसऱ्याने छत्तीस वर्षे आधी लिहून ठेवले. मयताचे गाणे कोणासाठी लिहितो आहोत, हे लिहिणाऱ्याला शेवटपर्यंत नक्की कळत नाही.

*

३० ऑक्टोबर १८४९, तेच मॅडलीन चर्च, संगीतकार शोपँचा अंत्यविधी. त्याला मोझार्टची मिस्सा हवी होती. तिच्यात बायकांचे आवाज लागतात, आणि त्या चर्चमध्ये बायकांना गायला परवानगी नव्हती. शेवटी तोड निघाली: गायिका काळ्या पडद्याआड उभ्या राहून गातील.

१९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताचे नियम घालून दिले. ग्रेगोरियन गायनाला मान, पियानोला आणि ढोल-झांजांना मज्जाव. आणि गायनवृंदात बायका नकोत, वरच्या पट्टीला मुलगे घ्या.

आमच्या गायनवृंदात अठरा जणी आहेत आणि आम्ही सहा पुरुष. अंत्यविधीत पहिली ओळ बाईच उचलते. भाडोत्री रडणाऱ्यांपासून पडद्याआडच्या गायिकांपर्यंत दीड हजार वर्षे गेली. मयताच्या दारात बाईचा आवाज लागतो हे सगळ्यांना ठाऊक होते. तिचा चेहरा दिसावा की नाही, एवढाच वाद होता.

*

मिस्सेतल्या प्रवचनात मृताची स्तुती करू नये, असा नियम आहे. प्रवचन वचनाचे, आशेचे, गुणगानाचे नव्हे. घरच्यांना हा नियम रुक्ष वाटतो. माणूस एवढा मोठा, आणि फादर त्याच्याविषयी दोन वाक्येही बोलेनात?

एकदा एका घरच्यांनी मागणी केली: बाबांचे आवडते सिनेमाचे गाणे शेवटी कीबोर्डवर वाजवा, गायचे नाही, नुसती धून. फादर नको म्हणाले. घरचे नाराज झाले, मलाही वाईट वाटले. आता तसे वाटत नाही. ते गाणे वाजले असते तर बाबा आठवले असते, आणि ज्यांचे बाबा नव्हते ते सारे त्या क्षणी पाहुणे झाले असते. ते गाणे घरीच वाजवायचे. तिथे त्याची जागा आहे.

विधीला माणूस ठाऊक नसतो. सावकार आणि त्याचा गडी, दोघांना तेच पाणी, तोच धूप, तेच शेवटचे गाणे. ओळख नसणे हा विधीचा दोष वाटतो. तीच त्याची न्यायबुद्धी आहे.

*

एका बाबतीत मात्र विधीने शतकानुशतके माणसे निवडली. १९१७ च्या चर्चच्या कायद्याने जाणूनबुजून जीव देणाऱ्याला अंत्यविधी नाकारला होता. ज्या घराला गाण्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच गाणारे जात नसत.

१९८३ च्या कायद्यात अंत्यविधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या गेली. यादीतून एक शब्द कमी होतो आणि केवढी दारे उघडतात! पण शेजाऱ्यांची यादी वेगळी असते आणि ती कोणी छापत नाही. आजही अशा घरी जाताना लोक आवाज खाली घेतात. गायनवृंदाने तसे करू नये. तिथे नेहमीच्याच पट्टीत गावे.

*

१६१४ च्या रोमन विधिग्रंथात लहान बाळाच्या दफनाला शोकाची घंटा नव्हती. वस्त्र पांढरे, स्तोत्रे आनंदाची; घंटा वाजवायचीच तर सणासारखी. बाप्तिस्मा झालेले बाळ थेट स्वर्गात, मग रडायचे कशाला, असा तर्क. तर्कात चूक काढता येत नाही. फक्त त्यात आई कुठे दिसत नाही.

आजच्या विधीत आईबापांसाठी वेगळ्या प्रार्थना आहेत. बाळासाठी मागण्यासारखे काही नसते. जे काही मागायचे ते त्यांच्यासाठीच.

*

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत घंटा शेवटची वाजते आणि मग ईस्टरच्या रात्रीपर्यंत गप्प राहते. गुड फ्रायडेला कोणाला पुरायचे असेल तर मिस्सा नाही, गाणे नाही, वाद्य नाही, घंटा नाही. नुसते शब्द आणि माती.

गायनवृंदाला त्या दिवशी काम नसते. पण आम्ही जातो. उगाच उभे राहतो. गाणे काय करत होते, ते गाणे नसताना कळते. माती पडल्याचा आवाज इतका मोठा असतो हे एरवी आम्ही लोकांना ऐकूच देत नाही.

*

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठा मुलखात गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मरिया.

आमचे लोक तिकडे सहलीला गेले की घंटेपाशी थांबतात. कोणी हक्क सांगत नाही. जी घंटा मयताला संथ वाजायची तिला आज भाविक हात लावतात ते देवाला जागे करायला. धातूला फरक पडला नसावा. आवाज देणे हे तिचे काम. हाक कोणाला मारायची ते माणसे ठरवतात.

*

२ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. क्लूनीच्या मठाचा अधिपती संत ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांत तो सुरू केला आणि तिथून तो पसरला. १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सांची परवानगी दिली. एक कोणा एकासाठी, एक पोपच्या हेतूंसाठी, आणि एक सर्व मृतांसाठी. खंदकांत पडलेल्यांची नावे लिहिणे शक्य नव्हते. न लिहिताच त्यांना गाण्यात घेतले गेले.

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे. दोन धर्मांनी एकमेकांना न विचारता एकाच प्रश्नाला एकच उत्तर दिले: ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी एक दिवस सगळ्यांचा.

त्या संध्याकाळी वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. एरवी दादरच्या बाजाराला जाणारी फुले त्या दिवशी आपल्याच मातीवर वाहिली जातात. फादर कबरींमधून पाणी शिंपडत फिरतात आणि आम्ही मागून गात जातो. वारा असतो, पुस्तकाची पाने उलटतात, सूर इकडेतिकडे होतो. एवढ्या मोठ्या श्रोतृवर्गापुढे आम्ही वर्षात दुसऱ्यांदा गात नाही.

*

जागा कमी आहे. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडते, हाडे गोळा होतात, तिथे दुसरा येतो. चर्चने १९६३ मध्ये दहनालाही मान्यता दिली. २०१६ मध्ये सांगितले की राख उधळू नये, पवित्र जागी ठेवावी. म्हणजे पुन्हा पत्ता.

गाण्याला पत्ता नसतो. म्हणून ते कधी भरत नाही. त्यात पुढच्याला जागा करण्यासाठी मागच्याला हलवावे लागत नाही.

*

२०२० मध्ये अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. तोंडावर मास्क, आणि गाण्यातून रोग पसरतो म्हणून गाणेही जवळजवळ बंद. नातेवाईक आखातात, कॅनडात. मोबाइलच्या पडद्यावर पेटी बघत. अशा एका विधीत मोबाइलच्या स्पीकरवर रेकॉर्ड केलेले गाणे लावले होते. उत्तम गायकांनी गायलेले, एकही सूर चुकलेला नाही.

कोणी रडले नाही. उसना घ्यायचा गळा जिवंत असावा लागतो. ज्याला दम लागत नाही, ज्याचा आवाज शेवटच्या कडव्यात फाटत नाही, त्याच्याकडून कोणी काय घ्यावे?

*

माझ्या आईच्या वेळी मी गायनवृंदात नव्हतो. पहिल्या बाकावर होतो. ज्या गाण्याची पुढची ओळ मी झोपेतही सांगितली असती, त्याची पहिली ओळसुद्धा तोंडातून निघेना. मागून गाणे येत होते. माझी जागा रिकामी होती, आणि तिथून येणारा आवाज मात्र कमी झालेला नव्हता. कोणीतरी माझी पट्टी उचलली होती. कोणी, ते मी आजवर विचारलेले नाही.

तेव्हा कळले की इतकी वर्षे मी काय करत होतो. मला वाटायचे, गातो.

*

तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, कधी ना कधी अशा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसाल. सहकाऱ्याची आई गेलेली असेल, शेजारी गेलेला असेल. कोणीतरी तुमच्या हातात पुस्तक देईल आणि पान सांगेल. चाल येत नसेल, शब्द तुमचे नसतील. तरी तोंड उघडा. हळू म्हटले तरी चालते, चुकले तरी चालते. पहिल्या बाकाला मागे वळून बघता येत नाही, पण सगळे ऐकू येते.